टीआर मिळाला म्हणजे पीआर मिळाला नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या ठाणे पुरवणीत परदेशी शिक्षण मेळाव्याची अर्ध्या पानाची जाहिरात पाहिली. शिक्षण, नोकरी आणि कायमचे वास्तव्य, तिन्ही एकाच ओळीत, जणू एकातून दुसरे आपसूक निघते. आमच्या सोसायटीत दोन घरांनी ती जाहिरात कापून ठेवली आहे, म्हणून हे पत्र.

मी चरईत राहते. एकतीस वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. माझी मुलगी सिव्हिल इंजिनीअर. तिच्या ऑस्ट्रेलियातल्या शिक्षणासाठी २०२२च्या दिवाळीनंतर आम्ही दोघी गोखले रोडवरच्या एका कन्सल्टन्सीत गेलो. तिथल्या तरुणाने कोऱ्या कागदावर तीन चौकोन काढले : दोन वर्षे मास्टर्स, पुढे पाच वर्षे कामाचा व्हिसा, मग पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याची परवानगी. चौकोनांच्या मध्ये दोन बाण. मुलगा बोलायला अदबशीर होता, आम्हाला भरपूर वेळ दिला. तो कागद मी अजून ठेवला आहे.

पहिला बाण खरा होता. पाच वर्षांची गोष्टही तेव्हा अगदी हवेतली नव्हती. काही निवडक पदव्यांना दोन वर्षे वाढवून देण्याचे ऑस्ट्रेलियाने जाहीर केले होते. ती सवलत १ जुलै २०२४ला बंद झाली. माझ्या मुलीचे तिसरे सत्र तेव्हा नुकतेच संपले होते. सरकारे नियम बदलतात, त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. पण कामाच्या व्हिसावरून पीआरकडे जाणारा दुसरा बाण तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

पदवीनंतर मिळतो तो सबक्लास ४८५ हा तात्पुरता व्हिसा. मुले त्याला टीआर म्हणतात. त्याने राहायची आणि काम करायची मुभा मिळते, तीही ठरावीक मुदतीची. मास्टर्सला आता साधारण दोन वर्षे मिळतात. भारताशी झालेल्या व्यापार करारामुळे आपल्या मुलांना तीन. त्याच १ जुलैपासून वयाची अटही ५० वरून ३५ वर आली. पीएचडी आणि संशोधनाच्या मास्टर्सवाल्यांना तेवढी सूट आहे. पूर्वी टीआर संपत आला की मुले तिथेच आणखी एखादा कोर्स घेऊन विद्यार्थी व्हिसावर परत जात. आता टीआरवर असताना तिथून तो अर्ज करता येत नाही. घड्याळ एकदा सुरू झाले की सुरू झाले.

पीआरचा हिशेब वेगळ्याच वहीत लिहिला जातो. मुलीने मला तो फोनवर समजावला आणि मी तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवला. वय २५ ते ३२ मध्ये असेल तर ३० पॉइंट्स. पदवीचे १५. तिथे दोन वर्षे शिकल्याचे ५. इंग्रजीत आयईएल्टीएस परीक्षेच्या चारही भागांत आठ बँड मिळाले तर २०. सात असतील तर १०. पहिल्या वेळी हिला लेखनात साडेसात मिळाले आणि त्या अर्ध्या बँडपायी दहा पॉइंट्स गेले. दुसऱ्या खेपेला आठ आले. लग्न झालेले नसेल तर आणखी १०. नातेवाईक स्थळे सुचवतात तेव्हा मी हे सांगते, तर त्यांना ते खरे वाटत नाही. पण नवऱ्याला पुरेसे इंग्रजी येत नसेल आणि त्याचे कौशल्य तिथल्या संस्थेने तपासून मान्यही केलेले नसेल, तर हे दहाचे दहा जातात. मुलीच्या लग्नाचा विचार करतानाही हे गणित डोक्यात ठेवावे लागते, याचे मला वाईट वाटते.

ही बेरीज ६५ झाली की नाव नोंदवता येते. ६५ म्हणजे पास, असे त्या तरुणाने सांगितले होते. ते पासिंग फक्त रांगेत उभे राहण्याचे आहे. बोलावणे वरच्या गुणांना येते, आणि कोणत्या व्यवसायातल्या किती जणांना बोलवायचे ते सरकार ठरवते. नर्स, शिक्षक यांच्याकडे राज्ये आधी पाहतात. बाकीच्यांनी वाट पाहायची.

आणि रांगेत उभे राहण्याआधी तुमचा व्यवसाय तिथल्या संस्थेने मान्य करावा लागतो. इंजिनीअरांसाठी ती संस्था म्हणजे इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया. आमची खरी चूक इथे झाली. कन्सल्टन्सीने तिला इंजिनीअरिंग मॅनेजमेंटचा कोर्स घ्यायला लावला. प्रवेश सोपा आहे आणि नावात इंजिनीअरिंग आहेच, असे सांगून. तो कोर्स इंजिनीअर म्हणून मान्यताप्राप्त नव्हता. इथल्या तिच्या कॉलेजच्या शाखेलाही त्या वर्षी हवी ती मान्यता नव्हती. मग स्वतःच्या कामाचे तीन सविस्तर निबंध लिहून इंजिनीअर असल्याचे सिद्ध करणे आले. कॉलेजात असताना तिच्या गटाने एका नाल्याच्या पुराचा प्रकल्प केला होता. त्याच्या मोजमापांच्या वह्या मी माळ्यावरून काढल्या आणि पानापानाचे फोटो पाठवले. सात महिने त्यात गेले, आणि ते टीआरच्या तीन वर्षांतून गेले. प्रवेशाआधी कुणी एकाने सांगितले असते तर शेजारच्याच इमारतीतला मान्यताप्राप्त कोर्स तिने घेतला असता.

एक गोष्ट मात्र कन्सल्टन्सीने सांगितली नव्हती आणि ती आमच्या हाताशी होती. नाटी नावाची तिथली भाषांतरकारांची संस्था एक परीक्षा घेते. इंग्रजी आणि आपली भाषा यांत दोन संवाद तोंडी उलटसुलट करून सांगायचे. ९० पैकी ६३ गुण आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी निदान २९ मिळाले की ५ पॉइंट्स. त्या भाषांत मराठी आहे.

मी जन्मभर मराठी माध्यमात शिकवले आणि स्वतःच्या मुलीला इंग्रजी माध्यमात घातले. ती घरी छान मराठी बोलते, पण ‘टेनन्सी’ला भाडेकरार आणि ‘बॉन्ड’ला अनामत हे शब्द तिच्या तोंडी नव्हते. तीन महिने रोज आमचा सराव चालला. तिच्याकडे रात्रीचे नऊ, माझ्याकडे दुपारचे साडेचार. मी कधी रुग्ण, कधी घरमालक, कधी पोलिसात तक्रार द्यायला आलेली बाई. एका संवादात बँकेतला अधिकारी होता. ‘मॉर्गेज’पाशी ती अडली. “घराचं लोन?” मी म्हटले, “तारण.” ती गप्प झाली. हीच अक्षरे तिच्या शैक्षणिक कर्जाच्या कागदावर आहेत. चरईचे घर तारण ठेवूनच ती गेली. थोड्या वेळाने म्हणाली, “आई, पुढचं वाक्य वाच.”

ती परीक्षा ती पास झाली. आता तिचे ८५ होतात. मेलबर्न सोडून ती बॅलारॅट या लहान शहरात राहते, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची आखणी करणाऱ्या एका लहान कंपनीत. राज्याने ४९१ व्हिसासाठी नामांकन दिले तर आणखी १५ मिळतील. पण तोही पाच वर्षांचा तात्पुरताच. मोठ्या शहरांपासून दूर राहून तीन वर्षे कमवून दाखवल्यावर पीआरचा अर्ज. टीआर २०२८च्या सुरुवातीला संपेल. अजून बोलावणे आलेले नाही.

मुलांनी जाऊ नये असे मी म्हणत नाही. मुलगी तिथे मन लावून काम करते, मला तिचा अभिमान आहे. माझे मागणे आपल्याकडे आहे. जाहिरात छापता, तशी या विषयाची साधी माहितीही छापा. घर तारण ठेवण्याआधी आईबापांनी विचारायला हवे : शिकून कोणता व्यवसाय सांगणार, तो कोणत्या संस्थेकडून मान्य करून घ्यावा लागतो, आणि हा कोर्स त्या संस्थेला चालतो का. समोरचा सल्लागार मायग्रेशन एजंट म्हणून तिकडे नोंदलेला आहे का, हे ऑस्ट्रेलिया सरकारच्या यादीत कुणालाही पाहता येते. प्रवेशामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळते का, हेही विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. मी शिक्षिका असून विचारले नाही.

आणि ठाण्यातल्या ज्या मुलांना त्या मराठी परीक्षेचा सराव हवा असेल, त्यांनी माझा पत्ता आपल्याकडून घ्यावा. दुपारी साडेचारला मी मोकळी असते. पैसे घेणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चरई, ठाणे (प.)
(नाव व पत्ता संपादकांकडे)