बेपत्ताच्या घरच्यांना घाई करू नका

संपादक महोदय,

माझे पती २०१६ च्या गणपतीनंतर लोकमान्यनगरातल्या घरातून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. त्यांना मनोविकाराच्या गोळ्या चालू होत्या. पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद आहे. सात वर्षे उलटल्यापासून नातेवाइकांचा एकच धोशा आहे, "कोर्टातून मृत घोषित करून घे आणि मोकळी हो."

सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही, तो हयात नाही असे कोर्ट धरून चालते. जुन्या पुरावा कायद्यातले कलम १०८ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ झाले आहे. विम्याचे पैसे आणि खोलीचे कागद अडलेत, मुलीची फी भरायची आहे, म्हणून दावा मी करणारच. पण माझ्या सासूबाई सही करायला तयार नव्हत्या. "सही केली तर मीच त्याला मारल्यासारखं होईल," म्हणायच्या. वकिलांनी त्यांना शांतपणे समजावले, "आजी, हे कागदापुरतं आहे. उद्या तो दारात उभा राहिला तर हे गृहीतक तिथंच संपतं." तेव्हा त्यांनी पेन हातात घेतले. गुरुजी म्हणतात, बारा वर्षे वाट पाहा, मग पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांची प्रतिमा करून अंत्यविधी करू. सर्वपित्रीला त्यांच्या नावाचे पान आम्ही अजून ठेवत नाही. ते आम्ही दोघींनी मिळून ठरवले आहे. त्यात इतरांनी पडू नये.

वाट पाहणे म्हणजे वेडेपणा नव्हे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. डॉ. वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथून कितीतरी माणसे वर्षानुवर्षांनी आपल्या गावी परतली आहेत. समुपदेशक ताईंनी मला पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेबद्दल सांगितले. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला होता. 'तो नसेल' आणि 'तो येईल' हे दोन्ही मनात एकाच वेळी असू शकते, एक खोडून दुसरे ठेवायची गरज नाही, असे त्या सांगतात. हे ऐकल्यापासून मला रात्री थोडी झोप लागते.

संक्रांतीला मला हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, यावर आमच्या इमारतीत कुजबुज होते. शेजारच्या काकू मात्र काही न विचारता वाण घेऊन येतात आणि माझ्या पतींबद्दल बोलतात, नाव घेऊन. असे कुणी बोलले की बरे वाटते.

ठाण्याच्या मनोरुग्णालयात किंवा पालिकेच्या एखाद्या सभागृहात बेपत्तांच्या घरच्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसायला जागा मिळावी, एवढी मागणी आहे. शासनाची १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन आहेच, पण फोनवर सगळे बोलता येत नाही. आणि आपल्या दैनिकाने जुन्या बेपत्तांचे फोटो वर्षातून एकदा तरी पुन्हा छापावेत.

– एक वाचक, लोकमान्यनगर, ठाणे (प.)