दीडपट वेगाने

पुणे,
रविवार, दुपार

चि. बंड्या,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता आलं असतं. पण माझे व्हॉइस मेसेजसुद्धा तू दीडपट वेगाने ऐकतोस, हे मला सूनबाईकडून कळलं आहे. तिला काही बोलू नकोस, ती सहज बोलून गेली. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद पळवता येत नाही.

विषय दिवाळीतलाच. तू आला होतास, फराळ झाला होता, बाबा आत आडवे झाले होते. मी म्हटलं, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका लाव. लॅपटॉपवर लावलास आणि बोटाने काहीतरी दाबलंस. टिपरे कुटुंब एकदम लगबगीने बोलायला लागलं, जणू सगळ्यांची लोकल सुटते आहे. मी विचारलं, हे असं काय? तर म्हणालास, "आई, यात काही घडतच नाही गं. असं पाहिलं तर पटकन तरी संपतं."

तेव्हा मी गप्प बसले, कारण कढईत चकल्या होत्या. आता चकल्या संपल्या आहेत.

दिलीप प्रभावळकरांचे आबा, म्हणजे टिपरे आजोबा, बोलण्याआधी जरा थांबतात. समोरचा काय म्हणाला ते आधी ऐकतात, मग चेहऱ्यावर काहीतरी हलतं आणि मग वाक्य येतं. तुझ्या दीडपट वेगात ते थांबणंच गेलं. उरली ती फक्त वाक्यं. आणि ती वाक्यं काही फार ग्रेट नाहीत, हे मीही कबूल करते. कुठल्याही घरात बोलतात तशीच आहेत. ही मालिका २००१ ते २००५ चालली, आठवड्यातून एकदा. दिग्दर्शन केदार शिंदेंचं. मूळ लेखनही प्रभावळकरांचंच, 'लोकसत्ता'तल्या 'अनुदिनी' सदराचं. सुरू झाली तेव्हा ते साठीचेही नव्हते, पण उठताना गुडघ्यावर हात ठेवायचे तो हात बघून माझे वडील म्हणाले होते, "हा माणूस माझी नक्कल करतो."

याच माणसाला मी शाळेत असताना चिमणराव म्हणून पाहिलं होतं. चिं. वि. जोशींचे चिमणराव, आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तेव्हा आमच्या वाड्यात एकच टीव्ही, लाकडी शटरचा, वर क्रोशाचा रुमाल. पुण्यातल्या सगळ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असायच्या, कारण टीव्हीचा मनोरा तिथे. वारा सुटला की कुणीतरी कौलांवर चढायचं आणि खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं, गेलं!" हे सगळं तू शंभरदा ऐकलं आहेस, म्हणून सोडून देते. जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचंही नाही. रिटायर झाल्यावर यूट्यूबवर शोधून शोधून बऱ्याच जुन्या मालिका पाहिल्या. निम्म्याअधिक दहा मिनिटांत बंद केल्या. काहींत तर आपण तेव्हा रडलो होतो, याचीच लाज वाटली.

मग काही टिकल्या त्या का टिकल्या? मी बँकेत बत्तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझं उत्तर बँकेतल्या बाईचं आहे. ज्या मालिकेतल्या माणसाला महिन्याचे शेवटचे चार दिवस जड जातात, ती मालिका जुनी होत नाही. त्या माणसाचा पगार साधारण किती आहे, तो कुठे जातो, किती वाजता परत येतो, हे आपल्याला माहीत असतं. त्यामुळे त्याची छत्री हरवली तरी ती घटना असते.

'वागले की दुनिया' घे. १९८८ची मालिका, कल्पना आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन कुंदन शहांचं. अंजन श्रीवास्तव कारकून वागले आणि भारती आचरेकर त्यांची बायको. आम्ही शाखेत जेवणाच्या सुट्टीत आदल्या भागावर बोलायचो, तेव्हा आमचे हेड कॅशियर म्हणाले होते, "हा नट नाही, हा आपल्यातला आहे. फाइल कशी धरतो बघा." नंतर कळलं की अंजन श्रीवास्तव खरोखरच अलाहाबाद बँकेत नोकरीला होते. अख्ख्या शाखेला इतका आनंद झाला, जणू स्टाफमधल्याच कुणाला प्रमोशन मिळालं. एका भागात वागल्यांना गाडीची धडक बसते आणि गाडीवाला तरुण म्हणजे शाहरुख खान. तेव्हा तो कोण हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. मी आजही तो भाग पाहते तेव्हा लक्ष वागल्यांकडेच जातं, हे त्या मालिकेचं यश की माझं वय, कोण जाणे.

किंवा 'नुक्कड'. तिथे तर बहुतेकांकडे पगारच नाही. सायकल दुरुस्त करणारा हरी, दारुडा खोपडी, हॉटेलवाला कादरभाई. पवन मल्होत्राचा तो हरी, त्याच्या हाताला काळं ग्रीस असायचं आणि पूर्ण भागभर ते ग्रीस तसंच राहायचं. आता मला दाखव, कुठल्या मालिकेत हात मळलेले असतात? आमच्या हल्लीच्या रात्री आठच्या मालिकेत सून झोपतानाही पैठणीत असते. सासरे म्हणे उद्योगपती. पण त्यांच्या कारखान्यात बनतं काय, हे चारशे भागांत कुणी सांगितलेलं नाही. मीही बघते रोज, कबूल आहे. भाजी निवडायला सोबत लागते.

बाबांची आवड वेगळी, तुला ठाऊक आहे. 'भारत एक खोज' म्हटलं की ते अजूनही खुर्चीत ताठ बसतात. श्याम बेनेगलांचे ५३ भाग. रोशन सेठ नेहरू, ओम पुरींचा आवाज आणि सुरुवातीला वनराज भाटियांच्या संगीतातलं ते ऋग्वेदातलं नासदीय सूक्त. त्याचा हिंदी अनुवाद वसंत देवांचा, म्हणजे आपल्या मराठी माणसाचा, हे बाबा दर वेळी सांगतात. लढाईत तेच वीस-पंचवीस लोक इकडून तिकडे धावतात, हे आज लगेच लक्षात येतं. तरी मला हसू येत नाही. आमच्याकडे एवढीच माणसं आहेत, बाकीची तुम्ही मनाने घ्या, असा त्यांचा सरळ कारभार होता.

'आभाळमाया' मात्र माझी. १९९९ला अल्फा मराठी (आताचं झी मराठी) सुरू झालं तेव्हाची, दिग्दर्शन विनय आपट्यांचं. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी कॉलेजात शिकवते. नवरा दुसऱ्या बाईत गुंततो, तरी ही सकाळी उठून लेक्चरला जातेच. आमच्या शाखेतल्या सगळ्या बायका ती पाहायच्या आणि नवऱ्याबद्दल कुणीच फार बोलायचं नाही. बोलायचो ते तिच्या लेक्चरबद्दल, घरखर्चाबद्दल. तिचा पगार होता म्हणून ती ताठ होती, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी शेवटी लांबवली, तो भाग सोड. त्याआधी दूरदर्शन मालिकांना तेरा-तेरा भागांची मंजुरी द्यायचं. जाच होता खरा, पण लेखकाला चौदाव्या भागाची खात्री नसायची, त्यामुळे तो फापटपसारा घालत नसे.

आता 'मालगुडी डेज', आर. के. नारायण यांच्या गोष्टींवरची. ही लहानपणी तूच पाहायचास. तिची ती ताना नाना नाना धून म्हणत अंघोळीला जायचास. शंकर नागने ती कर्नाटकातल्या आगुंबेला केली, पश्चिम घाटातल्या पावसात. तो मुंबईत मराठी नाटकांत वावरलेला माणूस, पस्तिशीत अपघातात गेला. तुला स्वामी आवडायचा, त्याचे कडक वडील गिरीश कार्नाड. मला आवडायची ती पोस्टमनची गोष्ट. पोस्टमन एका घराचा इतका जिव्हाळ्याचा की मुलीचं स्थळ जुळवायलाही त्याचाच आग्रह. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या घरच्या नात्यातल्या कुणाच्या तरी गंभीर आजारपणाचं कार्ड येतं, आणि मागून मृत्यूची तार. त्या दिवशी लग्न लागलं नाही तर स्थळ हातचं जाणार. पोस्टमन दोन्ही खिशात ठेवतो. लग्न पार पडल्यावर नेऊन देतो आणि म्हणतो, तक्रार करा, माझी नोकरी जाईल. वडील म्हणतात, तक्रार नाही करणार, पण असं करायला नको होतंस.

सांग, यात काही घडत नाही?

दीडपट वेगाने पाहिलंस तर पोस्टमन कार्ड देतो आणि गोष्ट संपते. नीट पाहिलंस तर त्याच्या हातातून कार्ड सुटायला वेळ लागतो. त्या वेळात नोकरी आहे, बायकोमुलं आहेत, सगळं आहे.

आर. के. नारायण यांची मालगुडीतलीच आणखी एक गोष्ट आहे, पंचेचाळीस रुपये पगाराची. कारकून बाप मुलीला सांगून जातो, आज संध्याकाळी लवकर येतो, सिनेमाला जाऊ. मुलगी फ्रॉक घालून, वेणीफणी करून बसते. बाप साहेबापुढे चिडून राजीनामा लिहितो, तर साहेब सांगतो, तुझा पगार पाच रुपयांनी वाढवलाय. राजीनामा परत खिशात. घरी पोचतो तेव्हा नऊ वाजून गेलेले, मुलगी त्याच फ्रॉकमध्ये झोपलेली. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली ती शाखेतल्या पुस्तकपेटीतून, आणि शेवटचं पान वाचायला मला दोन दिवस लागले.

कारण तुझं बालनाट्य. तू सहा वर्षांचा होतास, भरत नाट्य मंदिरात साडेसहाचा प्रयोग होता. शुक्रवार होता. मी सांगितलं होतं, साडेपाचला घरी. पाच वाजता लेजर टॅली होईना. ६३ रुपयांचा फरक. फरकाला नऊने भाग गेला की आकडे उलटे लिहिले गेलेत, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. ६३ला नऊने भाग जातो. म्हणजे कुणीतरी ८१चे १८ केले असणार, किंवा ९२चे २९, किंवा ७०चे ०७. चार जणी चार लेजर घेऊन बसलो. त्या फरकाशिवाय कुणालाही उठू देणार नाही, असं आमचे साहेब म्हणाले. सव्वाआठला सापडला. ८१चे १८. अक्षर माझंच होतं.

घरी आले तेव्हा तू सोफ्यावर झोपला होतास, निळा शर्ट, बूट पायात. बाबांनी बूट काढायचा प्रयत्न केला होता म्हणे, तू काढू दिले नाहीस. मी काढले. तुला आठवतं का, हे मी विचारत नाही. तेव्हापासून मात्र असल्या साध्या, काही न घडणाऱ्या गोष्टी मला पळवत पाहता येत नाहीत.

तू मला 'पंचायत' दाखवलीस, ती गावातल्या पंचायत सचिवाची वेब सिरीज, त्याचं श्रेय तुला. आधी मी नाक मुरडलं. पण वीस हजार पगार म्हटल्यावर सावरून बसले. म्हटलं, हा मुलगा आपल्यातला आहे. चाकाच्या खुर्चीवरून पूर्ण एक भाग! खुर्ची नवीन, नवरदेव रुसलेला, बस. आणि त्या दिवशी वेग तू नेहमीचाच ठेवला होतास, हे माझ्या लक्षात आलं होतं. बोलले नाही.

गणपतीला चार दिवस काढून ये. बाबांनी टिपरेचे काही भाग पाहायला काढून ठेवले आहेत, एक भाग रोज, जास्त नाही. रिमोट त्यांच्याकडे राहील. त्यांना तो वेगाचा पर्याय कुठे असतो ते माहीत नाही आणि तू दाखवायचा नाहीस.

सूनबाईस आशीर्वाद. तिच्यासाठी मेतकूट पाठवते आहे, बरणी सरळ धर, झाकण ढिलं आहे.

तुझी,
आई

ता. क. पत्र मिळाल्याचं कळव. मेसेज करू नकोस, फोन कर. सावकाश बोल.