पॅरिसहून पत्र, आईबाबांना

प्रिय आई आणि बाबा,

सा. न. वि. वि.

फोनवर काही धड बोलणं होत नाही, माझा क्लास संध्याकाळी सुटतो तेव्हा तुमची पानं घेतलेली असतात आणि आई तर जेवलीस का, थंडी किती, इथेच अडकते, म्हणून म्हटलं सगळं लिहूनच काढू. जेवते गं. मेतकूट अजून आहे. आणि फिल्मचा क्लास स्मशानाजवळ आहे म्हणून टेन्शन घेऊ नकोस, पेर लाशेज म्हणजे मोठी बागच आहे, लोक तिकीट न काढता फिरायला येतात.

आता बाबांचा प्रश्न. चॅनेलची नोकरी सोडून, एफडी मोडून तिकडे नक्की काय शिकतेयस, कॅमेरा तर येतोच ना तुला? येतो. पण चॅनेलवर मी वीस सेकंदांचा बाईट घेऊन पुढच्या स्पॉटवर पळायचे, समोरचा माणूस बोलायचा थांबला की आम्ही कॅमेरा बंद करणार. इथे आतलिए वारांमध्ये, म्हणजे मी शिकतेय त्या डॉक्युमेंटरीच्या शाळेत, बरोब्बर उलटं आहे, तो गप्प झाल्यावर कॅमेरा चालू ठेवायचा.

ही जागा ज्यांच्यामुळे उभी राहिली ते फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रूश, बाबा, मुळात तुमच्याच लाइनचे, म्हणजे रस्ते-पुलांचे इंजिनिअर! १९४१ ला आफ्रिकेत नायजरला रस्त्याच्या कामावर गेले, तिथे साइटवरचे काही मजूर वीज पडून मेले, मग शुद्धीसाठी गावातल्या एका म्हातारीने जे विधी केले ते बघून हा माणूस तिथल्या लोकांच्या चालीरीतींकडे वळला तो वळलाच. नंतर १९४६-४७ मध्ये नायजर नदीतून होडीने जाताना त्यांचा ट्रायपॉड पाण्यात गेला म्हणून कॅमेरा हातात धरून शूट केलं, आणि तीच पुढे स्टाइल झाली. १९७८ ला मोझांबिकने, नुकताच स्वतंत्र झालेला देश, बाहेरच्या दिग्दर्शकांना आमच्याकडे येऊन फिल्म करा म्हणून बोलावलं, तर रूश म्हणाले आम्ही कशाला, तुमच्याच लोकांना शिकवू. त्यातून १९८१ ला पॅरिसमध्ये वारां सुरू झालं. थिअरी जवळपास नाहीच, प्रत्येकाने स्वतःची फिल्म करायची आणि शूट केलेलं सगळ्यांसमोर लावायचं. ते लावताना घाम फुटतो, कारण कच्चा माल बघून कळतं की तुम्ही माणसाकडे बघत होतात की फक्त फ्रेमकडे.

मी एका बिल्डिंगच्या गार्दिएनवर फिल्म करतेय. आपल्याकडचा वॉचमन आणि सोसायटीचा मॅनेजर एकत्र केला तर जे होईल ते. बाई पोर्तुगीज आहेत, इथे या कामात पोर्तुगीज बायका खूप. पहाटे कचऱ्याचे डबे बाहेर काढायचे, हिरव्या झाकणाचा साधा कचरा, पिवळा रिसायकलिंगचा, पांढरा काचेचा, मग जिने पुसायचे, टपाल वाटायचं, कोणाची किल्ली कोणाकडे हे सगळं तोंडपाठ. सुरुवातीला मी नुसती जाऊन बसायचे, कॅमेरा पिशवीतच. डबे ओढायला लागले तेव्हा त्या बोलायला लागल्या. झूम वापरायचा नाही असं मी ठरवलंय, जवळचं हवं असेल तर पायाने जवळ जायचं, आणि त्यासाठी माणसाने तुम्हाला जवळ येऊ द्यायला लागतं, खरी मेहनत तीच आहे. बिल्डिंगमधल्या लोकांची लेखी परवानगी वेगळी, त्याबाबतीत फ्रान्समध्ये फार कडक. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा नाहीच म्हणाले, मग ते जिन्यात आले की कॅमेरा खाली.

सगळंच पटतं असं नाही हां. निवेदन नको, समजावून सांगणं नको, यावर इथे फार भर. फिल्म्स डिव्हिजनचा तो पिक्चरआधीचा गंभीर आवाज आठवला की मलाही नकोच वाटतो, पण आपण कीर्तन ऐकत वाढलेली माणसं, बुवा गोष्ट मधेच थांबवून दोन शब्द समजावतात तेव्हा रस जातो का? उलट वाढतो. यावरून वर्गातल्या एका ब्राझीलच्या मुलाशी माझं रोज वाजतं.

बाबा, एक काम आहे. आंबा घाटात पावसाळ्यात दरड आली की रात्री-अपरात्री जे रस्त्याची देखभाल करणारे मैलकामगार तुमच्याबरोबर असायचे, त्यातले कोण अजून साखरप्याच्या बाजूला आहेत का बघाल? त्यांच्यावर काही करायचं डोक्यात आहे. नुसती चौकशी करा, फिल्मचं आत्ताच बोलू नका, नाहीतर सगळे इस्त्रीचे शर्ट घालून बसतील. आणि जुन्या साइट डायऱ्या आईने रद्दीत घातल्या नसतील तर बाजूला काढून ठेवा.

आई, बीपीची गोळी रात्री नाही, सकाळी. या रविवारी फोन करू नका, पहाटेपासून शूट आहे. सोमवारी तुमच्या रात्री साडेआठला मीच करते.

तुमची,
मनू