धरणाची श्रेणी कोणती, हे खालच्या गावाला कळू द्या

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई यांस,

विषय : मराठवाड्यातील पाणीपुरवठ्याच्या मातीच्या धरणांची सुरक्षितता श्रेणी

महोदय,

तपासणीत सापडलेले दोष आपल्याकडे तीन श्रेणींत लावतात. पहिल्यात धरण फुटू शकेल असा दोष, दुसऱ्यात तातडीने दुरुस्त करायचा, तिसऱ्यात वर्षभरात उरकायचा. ही धरणाच्या तब्येतीची श्रेणी. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याला आणखी एक वर्गवारी हवी आहे : धरण फुटलेच तर खाली काय जाईल, यावरची. ही धोक्याची श्रेणी. तालुक्याच्या बैठकीत या दोन्हींची सर्रास गल्लत होते. ‘आपलं तिसऱ्या श्रेणीत आहे’ म्हणून गाव निर्धास्त, आणि नवी वस्ती मात्र सांडव्याच्या नाल्यात.

मराठवाड्यात ही गल्लत जास्त महागात पडते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले, तेव्हा मांजरा धरण कोरडे होते. सप्टेंबर 2021 मध्ये त्याच धरणाचे दरवाजे उघडावे लागले. मातीच्या भिंतीला हा झोका सोसत नाही. लागोपाठ कोरड्या वर्षांत भिंतीच्या आतला, पाणी अडवणारा काळ्या मातीचा गाभा आकसतो, माथ्याला भेगा पडतात आणि वरच्या मुरुमाखाली त्या दिसतही नाहीत. मग एका आठवड्यात तलाव भरतो, पाणी भेगेत शिरते आणि मातीचे कण घेऊन बाहेर पडते.

त्यावर मुरूम ढकलून रोलर फिरवला की देयक निघते, भेग तशीच राहते. खरे काम वेगळे आहे. भेगेत चुन्याचे पाणी ओतायचे, म्हणजे ती कुठवर गेली ते खोदताना पांढऱ्या रेषेवरून कळते. तिच्या तळाखाली आणखी 30 सेंमी चर घ्यायचा आणि गाभ्याचीच माती योग्य ओलीवर 15 सेंमीच्या थरांनी दाबत भरायची.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी होते तेव्हा तलावात पाणीच नसते, मग गळती दिसणार कुठून? आमच्या मते इकडे पावसाळ्यानंतरचीच तपासणी खरी. तीही व्ही-नॉचवरच्या, म्हणजे गळतीचे पाणी मोजण्याच्या व्ही आकाराच्या खाचेवरच्या आकड्यासह. 90 अंशांच्या नॉचवर 10 सेंमी पाणी म्हणजे सेकंदाला सुमारे 4.4 लिटर, 15 सेंमी म्हणजे 12. पट्टीवर पाचच सेंमी वाढले, पण गळती जवळजवळ तिप्पट झाली. तलावाची पातळी तीच असताना आकडा वाढला किंवा पाणी गढूळ झाले, तर त्याच दिवशी वर कळवायला हवे. विमोचकाच्या, म्हणजे भिंतीखालून पाणी सोडण्याच्या, नळालगतची ओल विशेष पाहावी. काँक्रीट आणि माती यांच्या सांध्यातून पाण्याला वाट लवकर मिळते. भिंतीवरची वेडी बाभूळ मुळासकट काढावी. नुसती छाटली तर मुळे कुजतात आणि पोकळी राहते.

आता अडचणीचा मुद्दा. पिण्याच्या पाण्याचे धरण दुरुस्तीसाठी रिकामे करायला कोणीच तयार नसते. उन्हाळ्यात टंचाई म्हणून काम पुढे जाते, पावसाळ्यात पाणी आले म्हणून. त्यामुळे धोक्याची श्रेणी ठरवताना घरे आणि शेती यांच्याबरोबर त्या एकाच स्रोतावर किती लोक पाणी पितात हेही मोजा, आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच पर्यायी पाणीपुरवठ्याचा खर्च धरा.

कायद्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणे येतात. 10 ते 15 मीटरमधली लांबी, साठा अशा अटींवर. त्याहून बुटके पाझर तलाव आणि गावतलाव बाहेरच राहतात. जिल्हा परिषदेकडच्या अशा तलावांपैकी ज्यांच्या खाली वस्ती आहे, त्यांची निदान यादी तरी करा.

जुन्या धरणांचे आपत्कालीन कृती आराखडे आणि पहिले सर्वंकष मूल्यमापन यांची कायदेशीर मुदत 30 डिसेंबर 2026 आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले, त्याआधी गळतीच्या तक्रारी झाल्या होत्या. म्हणून दोन्ही श्रेण्या, शेवटच्या तपासणीची तारीख आणि नॉचचे मासिक आकडे खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचा आदेश काढावा. रात्री फोन उचलणाऱ्या अभियंत्याचा क्रमांकही त्याच फलकावर असावा.

आपले,
मराठवाड्यातील काही निवृत्त सिंचन अभियंते