रेड्डींना उशीर झाला, फटका जगजीवन रामांना बसला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नीलम संजीव रेड्डी १९६९ मध्येच राष्ट्रपती झाले असते तर काय घडले असते, यावरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. ट्रॅफिक पार्कच्या बाकांवर आम्हा सकाळी फिरणाऱ्यांत त्यावरून दोन दिवस जुंपली होती. त्या निवडणुकीत रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते, पण पंतप्रधान इंदिराजींनी बळ दिले ते व्ही. व्ही. गिरींना आणि रेड्डी हरले. लेखकाच्या मते रेड्डी जिंकते तर इंदिराजींचे आसन डळमळले असते आणि आणीबाणी टळली असती. पण लेखक कॅलेंडर बघायला विसरले. राष्ट्रपतींची मुदत पाच वर्षांची. ऑगस्ट १९६९ मध्ये शपथ घेतलेले रेड्डी ऑगस्ट १९७४ मध्ये सामानसुमान बांधून अनंतपूर जिल्ह्यातल्या आपल्या इल्लूर गावी परतले असते. इंदिराजींनी त्यांना दुसरी खेप दिली असती म्हणता? अहो, खुद्द गिरींनाही ती मिळाली नाही! २५ जून १९७५ च्या रात्री सहीचा कागद गेला असता तो फखरुद्दीन अली अहमद यांच्याच, नाहीतर तशाच कुणाच्या तरी पुढ्यात.

निकाल अटीतटीचा होता, हे मात्र खरे. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. जिंकायला लागणारा कोटा ४,१८,१६९ चा, तो कुणीच गाठला नाही, म्हणून दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने उभे केलेल्या देशमुखांची बहुतेक मते रेड्डींकडे वळली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. तेव्हा एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. इंदिराजींनी ऐकायला सांगितलेला ‘अंतरात्म्याचा आवाज’ तेरा खासदारांना उलट ऐकू आला असता, तर निकालही उलटला असता.

मग काय झाले असते? रेड्डींनी इंदिराजींना बडतर्फ केले असते, हे मला पटत नाही. नोव्हेंबरात काँग्रेस फुटली तेव्हाही कम्युनिस्ट आणि द्रमुकच्या टेकूवर लोकसभेतले बहुमत त्यांच्याकडेच होते, आणि बहुमत असलेल्या पंतप्रधानाला घरी पाठवण्याची हिंमत सिंडिकेटच्या, म्हणजे काँग्रेसमधल्या इंदिराविरोधी ज्येष्ठांच्या, राष्ट्रपतीनेही केली नसती. फरक पडला असता तो कुंपणावर बसलेल्यांमुळे. यशवंतरावांचेच बघा ना. जुलैत बंगळुरूला, राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या काँग्रेस संसदीय मंडळाच्या बैठकीत त्यांनी रेड्डींच्या बाजूने मत दिले आणि फुटीनंतर ते इंदिराजींबरोबर राहिले. वारे दुसरीकडून वाहिले असते तर असे कितीजण पलीकडेच थांबले असते!

फरक पडू शकला असता अशी दुसरी जागा डिसेंबर १९७० ची. स्वतःच्या पक्षाचे बहुमत नसलेल्या, टेकूवरच्या पंतप्रधानांनी वर्षभर आधीच लोकसभा विसर्जित करा म्हटले आणि गिरींनी सही केली. रेड्डींनी कदाचित ‘थांबा, दुसरे कुणी सरकार बनवते का ते आधी बघू’ असे म्हटले असते. तसे झाले असते तर मार्च १९७१ ची निवडणूक नाही, रायबरेलीची ती लढत नाही, राजनारायण यांचा खटला नाही आणि इंदिराजींची निवड रद्द करणारा १२ जून १९७५ चा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकालही नाही. आणीबाणीशी धागा जोडायचाच असेल तर तो इथे जोडता येतो. पण मग निवडणूक १९७२ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या विजयानंतर झाली असती आणि इंदिराजी १९७१ पेक्षाही मोठ्या फरकाने आल्या असत्या. म्हणजे रेड्डींनी अडवून त्यांचेच भले केले असते!

लेखकाने १९७७ नंतरचा काळ मात्र दोन ओळींत उरकला आहे, आणि माझी तक्रार तिथेच आहे. रेड्डी १९७१ ला लोकसभा हरले आणि शेतीकडे वळले. १९७७ ला आंध्रच्या ४२ जागांपैकी ४१ काँग्रेसकडे गेल्या. जनता पक्षाची एकुलती एक जागा, नंद्यालची, त्यांची. ते पुन्हा लोकसभेचे अध्यक्ष झाले आणि जुलैत थेट राष्ट्रपती, तेही बिनविरोध. ३७ अर्ज आले, ३६ छाननीत बाद झाले. २५ जुलैला शपथ घेण्याचा रिवाज तेव्हापासूनचा.

या उशिरामुळेच १९७९ च्या पेचात निर्णय त्यांच्या हाती आला. मोरारजींनी राजीनामा दिल्यावर रेड्डींनी आधी यशवंतरावांना विचारले. त्यांना जमले नाही. २८ जुलैला चरणसिंग आले आणि लोकसभेला सामोरे न जाताच २० ऑगस्टला पायउतार झाले. जनता पक्षाने आपला नेता म्हणून निवडलेले बाबू जगजीवन राम दावा सांगून बसले होते. रेड्डींनी त्यांना संधी दिली नाही. सभागृहाचा विश्वास एकदाही न मिळवलेल्या पंतप्रधानाचा सल्ला मानून २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली.

आता कल्पना करा की रेड्डींची पाळी १९६९ लाच येऊन गेली आहे आणि ते इल्लूरला शेती बघत आहेत. राष्ट्रपती भवनात दुसरे कुणीतरी आहे. बाबूजींना बहुमत सिद्ध करायला आठवडा-दोन आठवडे मिळाले असते तर ते टिकलेच असते असे मी म्हणत नाही, त्या लोकसभेत कोण कुठे आहे हे रोज बदलत होते. पण देशाला पहिला दलित पंतप्रधान मिळण्याची शक्यता होती. दीक्षाभूमीच्या नागपुरात छापलेल्या लेखात याचा उल्लेखही नसावा? त्यातही गंमत अशी, की बंगळुरूच्या त्या बैठकीत इंदिराजींनी राष्ट्रपतिपदासाठी सुचवलेले नाव जगजीवन रामांचेच होते आणि मंडळाने रेड्डींना पसंती दिली. म्हणजे १९६९ ला आणि १९७९ ला, दोन्ही वेळा बाबूजींच्या वाटेत रेड्डीच.

आणखी एक. कार्यवाहक राष्ट्रपती असलेल्या गिरींनी निवडणुकीसाठी पद सोडल्यावर पस्तीस दिवस राष्ट्रपतींचे काम पाहिले ते सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. ते आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. वकिली इथेच केली, लॉ कॉलेजात शिकवले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही झाले. बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर सही त्यांची. त्याच दिवसांत दिल्लीत आलेल्या निक्सन यांचे स्वागतही त्यांनीच केले. १९६० ला हरून १९६८ ला जिंकलेले निक्सन, म्हणजे रेड्डींसारखीच आठ वर्षांची रखडपट्टी. पुढे ऑगस्ट १९७९ अखेर हिदायतुल्ला उपराष्ट्रपती झाले तेव्हा राष्ट्रपती होते रेड्डी. देशमुखांनीही आयसीएस असताना मध्य प्रांताचे महसूल आणि अर्थ सचिव म्हणून इथे काम केले होते. या दोघांच्या नागपुरातल्या वर्षांवर एखादी पुरवणी काढता आली तर जरूर काढा. जुन्या हायकोर्टातल्या मंडळींकडे अजून बरेच सांगण्यासारखे आहे.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर