बोअरचं कळलं

रौमा, फिनलंड
१२ फेब्रुवारी २०२३

ती. अण्णा आणि आई,
सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवतो वेळेवर. मेतकूट अजून पुरतंय.

अण्णा, तुम्ही परत तेच विचारलंत: अणूच्या कचऱ्याजवळ नोकरी कशाला? अहो, ऑनकालोत, म्हणजे वापरलेलं अणुइंधन कायमचं पुरायच्या इथल्या जागेत, अजून खरं इंधन उतरलेलंच नाही. ४३० मीटर खाली, जुन्या कठीण खडकात बोगदे आहेत. त्यांच्या फटींतून किती पाणी झिरपतं ते मी मोजतो. एवढंच. पुढे तांब्याच्या जाड डब्यांतून इंधन येईल. वर पाण्याच्या टाकीत अनेक वर्षं निवलेलं असलं तरी एकेक डबा जवळपास आपल्या गिझरएवढी उष्णता सोडत राहणार. म्हणून डबे अंतर राखून ठेवायचे. भोवतीची माती १०० अंशांच्या आत राहायला हवी. ती माती, बेंटोनाइट, तुम्ही चिमटीत धरताच ओळखाल. आपल्या काळ्या रानाचीच जात. सुकली की भेगाळते, ओल मिळाली की फुगून स्वतःच भेग बुजवते. डबा तिला सुकवणार, खडकातलं पाणी भिजवणार. पाणी जोरात आलं तर धुऊनही नेणार. त्यासाठीच मोजमाप. मृगाआधी आपल्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे मी साहेबांना सांगितलं, तर त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आई, इथलं सॉना म्हणजे लाकडी न्हाणीघर, पण न्हायचं नाही. तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं, वाफेत गप्प बसायचं. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. पण अंगावर काहीच नाही, साहेबसुद्धा. मी पंचा गुंडाळून गेलो तर सगळे माझ्याकडेच बघत राहिले. मग बर्फाला पाडलेल्या भोकातून समुद्रात डुबकी. हे लोक याला आराम म्हणतात! मी पाय बुडवून आलो. सर्दी झाली नाही, विचारू नकोस.

बोअरचं मनीकडून कळलं. साडेसहाशे फूट आणि नुसता फुफाटा. मला का सांगितलं नाहीत? इथे आम्ही पाणी आत येऊ नये म्हणून थेंब मोजतो. जाऊ द्या. साठ हजार पाठवलेत. सोसायटीचा हप्ता आधी भरा, दुसऱ्या बोअरची घाई नको.

मनीच्या लग्नाला चारच दिवस रजा मिळतेय. हळदीला पोचेन, बहुतेक. परभणीच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलीला आधी सांगा, इथे डिसेंबरात दुपारीच अंधार पडतो. तरी हो म्हणाली तर कळवा.

तुमचा,
बाळू