“गाडी तीन दिवसांपासून तुमच्याकडेच होती असं सांगा”

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरचा, अन्नपूर्णा रोडच्या बाजूला माझं टू-व्हीलरचं छोटं गॅरेज आहे, तीस वर्षं होत आली. तुमचा पेपर मोबाइलवर वाचतो, सकाळी शटर उघडायच्या आधी पोहे खाता खाता. पत्रबित्र लिहायची सवय नाही, आणि आमची मराठी इंदुरी, मधेच हिंदी घुसते, तेव्हा सांभाळून घ्या. पण अल्पवयीन पोरांच्या चाकूबाजीवर तुमच्याकडे जी पत्रं येतायत ती वाचून राहवलं नाही. सगळ्यांचा सूर एकच, संस्कार राहिले नाहीत, आया नोकरीला जातात, मोबाइलने वाट लावली.

मोबाइलचं मान्य. पण आयांचं काय हो? तीस वर्षांत पोराची भानगड लपवायला माझ्याकडे जे कोणी आले ते जवळजवळ सगळे बाप होते. आई आली तर आधी विचारते, लागलं कोणाला.

एक सांगतो. दोनेक वर्षं झाली असतील. रविवारी दुपारी साडेतीनला मी शटर अर्धं पाडून जेवत होतो, एक गृहस्थ आले, चांगल्या घरचे, आमच्या ओळखीतलेच, त्यामुळे यापेक्षा जास्त सांगत नाही. सोबत मुलगा, पंधराचा असेल, ओठावर नुसती लव. स्कूटरची हेडलाइट फुटलेली, पुढचा मडगार्ड दबलेला, हँडल एका बाजूला ओढत होतं. म्हटलं काय झालं, तर वडील म्हणाले कुत्रं आडवं आलं. आता कुत्र्याने काच फुटू शकते, पण कुत्रं निळ्या रंगाचं नसतं. मडगार्डवर वीतभर निळा रंग घासलेला होता, ऑइल पेंटचा, हातगाड्यांना मारतात ना तसला. मी त्या रंगावर नख फिरवलं आणि मुलाकडे बघितलं, तो आपल्या चपलेकडे बघत होता. वडील म्हणाले, संध्याकाळपर्यंत करून द्या, बिल नको, आणि कुणी विचारायला आलंच तर गाडी तीन दिवसांपासून तुमच्याकडेच उभी होती असं सांगा.

हे ते मुलाच्या समोर बोलले! बाजूला घेऊनसुद्धा नाही. आणि त्या क्षणी मुलाने मान वर केली, इतका वेळ खाली होती ती. तोंडावरची भीती गेली त्याच्या. मला तेव्हा वाटलं बरं झालं, पोर घाबरलं होतं बिचारं. ती भीती जायला नको होती हे माझ्या डोक्यात रात्री शिरलं.

आणि मी काय केलं? काम केलं. अठराशे पन्नास झाले, त्यांनी दोन हजार दिले, राहू दे म्हणाले, मी राहू दिले. निळा रंग पेट्रोलच्या फडक्याने पुसला तोही मीच. पुढचे दोन-तीन दिवस पेपर बारीक चाळला, कुठे हातगाडीवाल्याला उडवल्याची बातमी आहे का. नव्हती. विचारायलाही कोणी आलं नाही. पण कोणाची तरी हातगाडी होतीच ना ती, निळी. त्यामुळे हे पत्र मी साधुसंत म्हणून लिहीत नाहीये.

पुण्यातली ती पोर्शेची केस, १९ मे २०२४, कल्याणीनगर, अल्पवयीन पोराने गाडीखाली दोघांना उडवलं ती. मेलेले दोघंही आमच्या मध्य प्रदेशचे, एक उमरिया जिल्ह्यातला, दुसरी जबलपूरची, दोघं इंजिनियर, म्हणून इथे ती बातमी जास्त लागली. लोकांच्या लक्षात राहिला तो ३०० शब्दांचा निबंध, जामिनाची अट म्हणून त्या पोराला लिहायला सांगितलेला, आणि त्याच्यावर जोक पण खूप झाले. माझ्या लक्षात राहिलं ते दुसरंच, की ड्रायव्हरवर दबाव आणला म्हणे, गाडी मी चालवत होतो असं सांग, आणि रक्ताचे नमुनेच बदलले म्हणे. आरोप आहेत, कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण ते वाचताना मला आमचा रविवार आठवला. गाडी अडीच कोटींची असो की ऐंशी हजारांची, वाक्य तेच.

माझी मुलगी सीए करते, आकड्यांचं वेड तिला. मी तिला म्हटलं, जरा बघ ही पोरं असतात तरी कोण, सरकारकडे काही असेल ना. तिने एनसीआरबीचे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, रिपोर्ट काढले. २०१५ साली देशात ४१,३८५ अल्पवयीन पकडले गेले, त्यातले ३५,४४८ आपल्या आईवडिलांजवळ राहणारे. बेघर म्हणावेत असे सोळाशेच्या आसपास. म्हणजे आपण जे समजतो ना, स्टेशनवरची पोरं, अनाथ, ज्यांचं कोणी नाही, तसं नाहीये ते. दहातल्या आठांहून जास्त पोरांचं संध्याकाळचं ताट घरी वाढलेलं असतं. आणि २०२२ ला देशात अल्पवयीनांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले त्यात महाराष्ट्र पहिला, आमचं राज्य दुसरं. तेव्हा पुण्यामुंबईवाल्यांनी इंदूरला नाकं मुरडू नयेत आणि आम्ही स्वच्छतेच्या नंबराचे गोडवे गात याच्याकडे कानाडोळा करू नये.

गरिबीचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. मी स्वतः परदेशीपुऱ्यातला, गिरणीवाल्याचा मुलगा. वडील हुकुमचंद मिलमध्ये साचेखात्यात, मागावर. डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद झाली, ५,८९५ कामगार घरी बसले, आणि त्यांचे पैसे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला, बत्तीस वर्षं! वडील त्याच्या आधीच गेले. मिल बंद झाल्यावर आमच्या लाइनीत काय झालं ते मी बघितलंय. जे बाप सकाळी भोंग्यावर उठायचे ते दिवसभर ओट्यावर, मग सट्टा, मग दारू, आया लोकांकडे भांडी-पोळ्यांना, आणि आम्ही सोळा-सतरा वर्षांची पोरं मोकाट. तेव्हा एरियातल्या दादाने बोलावून नुसता चहा पाजला तरी छाती फुगायची. बापाने महिनोन्‌महिने नावाने हाक मारलेली नसायची, हा माणूस नावाने बोलावतो. आमच्यातले दोघं त्या रस्त्याने गेले, एक आता नाही.

मी वाचलो तो हुशारी म्हणून नाही. मी एका सायकलचा डायनामो काढून आणला होता. आईने विचारलं कुठला, मी म्हटलं सापडला. मारलं नाही तिने, मारलं असतं तर बरं झालं असतं, पाच मिनिटांत विषय संपला असता. तिने डायनामो माझ्या हातात दिला आणि माझा दुसरा हात धरून दोन संध्याकाळी सगळ्या लाइनीत घरोघर फिरवलं, तुमचा आहे का हो, तुमचा आहे का. लोक माझ्याकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी शेवटच्या खोलीतले काका म्हणाले, अरे हा माझाच, मला वाटलं मीच कुठे पाडला. मी सुटलो म्हणून श्वास घेतला, तर आई म्हणाली, पाडला नाही, ह्याने काढला. वडील तेव्हा घरीच होते, भिंतीकडे तोंड करून पडलेले. ते एक शब्द बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेले आणि ओळखीच्या एका उस्तादाच्या गॅरेजवर बसवलं. तिथून मी हा असा.

तर गरिबी होती, बेकारी होती, दारू होती, सगळं तेच होतं. फरक कुणी विचारलं का एवढाच होता, आणि विचारून उत्तरावर गप्प बसलं का. आता माझ्याकडे पोरं येतात, पंधरा हजारांचा फोन हातात, नवीन बूट, नुकतं सायलेन्सर बदललेलं, बुलेटचे फटाके फुटतात ते. घरी कुणी विचारत नाही का कुठून आलं? एका पोराला मी विचारलं तर म्हणाला, पप्पांना वाटतं मित्राचं आहे. किती दिवस मित्राचं राहणार?

कायदा नाही असंही नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटर वाहन कायद्यात कलम १९९ अ आहे, अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो, ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. मी हे गॅरेजच्या भिंतीवर छापून लावलंय. लोक वाचतात आणि म्हणतात, भिया ये सब कागज पे है. त्यात एक फट पण आहे, पालकाने दाखवून दिलं की मला माहीतच नव्हतं, तर तो सुटू शकतो. आणि माहीत नसणं हे तर हल्लीच्या बापांना फार छान जमतं!

बरं, लोकांना नियम माहीत नसतात असंही नाही, सोयीपुरते माहीत असतात. गेअर नाही म्हणजे सोळाला चालतं म्हणतात. अहो, सोळाला ५० सीसीपर्यंतच चालतं, तेही लायसन काढून, आणि तुमची स्कूटर ११० ची आहे. मग इलेक्ट्रिक घेतात, २५ च्या स्पीडची, तिला लायसन लागत नाही, आणि आठ दिवसांत माझ्याकडे आणतात, उस्ताद याचं स्पीडचं लॉक खोलून द्या. कोण आणतं? बापच. मुलगा मागे बसलेला असतो. मी नाही करत, पुढच्या चौराह्यावर करून मिळतं.

दारूचं तर बोलायलाच नको. १ एप्रिल २०२३ पासून आमच्याकडे अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद झाले, चांगलंच झालं, पण बसणारे काही घरी गेले नाहीत, मोकळ्या प्लॉटवर आले, गाडीच्या डिकीवर बाटली ठेवून उभे. पोराला पाठवतात, जा रे सेव आण, डिस्पोजल ग्लास आण. तो आणतो, उरलेले पैसे खिशात. त्याच्या पुढची पायरी माझ्या दुकानात दिसते, नशेसाठी हुंगायला पंक्चरचं सोल्यूशन मागायला येतात, दहा-बारा वर्षांची, सायकलच नसते सोबत. मी आता सोल्यूशनची ट्यूब विकत नाही, पंक्चर असेल तर सायकल आण म्हणतो. शिव्या देऊन जातात. एकाच्या घरी गेलो होतो सांगायला, तर वडील मलाच म्हणाले, आमच्या पोराला बदनाम करता? मी परत आलो, काय करणार.

एकदा शेजारच्या बाईंबरोबर बाल न्याय मंडळात गेलो होतो, त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा मारामारीत सापडलेला. तिथे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्य करणारे सदस्य असतात, त्यात एक बाई असावीच लागते, वकिली कोर्टासारखा थाट नव्हता. त्या मॅडमनी विचारलं, वडील कुठे? तर कामावर. पुढच्या तारखेला पण कामावर. बाईंची मात्र दर तारखेला दिवसाची मजुरी बुडत होती. त्या मंडळाला पालकांना दंड करता येतो, पोराला समुपदेशनाला पाठवता येतं, समाजसेवेचं काम देता येतं, पालकांकडून बाँड लिहून घेऊन घरी सोडता येतं. माझं म्हणणं एवढंच, की त्या बाँडवर बापाची सही असल्याशिवाय तारीख पुढे सरकवू नये, तो कामावर असो नाहीतर दुबईला. दिल्लीच्या २०१२ च्या बलात्काराच्या केसनंतर कायदा कडक झाला, २०१६ पासून सोळा-अठरा वयाच्यांना भयंकर गुन्ह्यात मोठ्यांसारखं कोर्टात उभं करता येतं, ते ठीकच, पण ते सगळं झाल्यानंतरचं. त्या आधी दहा वेळा कुठल्यातरी गॅरेजवर, कुठल्यातरी पानाच्या टपरीवर, कुठल्यातरी शाळेच्या ऑफिसात बाप येऊन मिटवून गेलेला असतो. शाळा पण मिटवतात, नाव खराब होतं म्हणून. मी पण मिटवलंय, वर सांगितलंच.

तो स्कूटरवाला मुलगा आता सतराचा झालाय. मधे कधी दिसला नव्हता, गेल्या आठवड्यात एकटाच आला, दुसरी गाडी घेऊन, मोठी. डावा इंडिकेटर तुटलेला आणि मागची नंबरप्लेट वर वाकवलेली, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून करतात तशी. काका, इंडिकेटर टाकून द्या, घाई आहे. काका म्हणतो तो मला, गोड बोलतो. मी म्हटलं पप्पांना घेऊन ये. म्हणाला, पप्पा कशाला, पैसे आहेत माझ्याकडे. कुठले रे पैसे म्हटलं, तर हसला. संध्याकाळी वडिलांचा फोन आला, तुम्हाला काय करायचंय, काम करायचं नसेल तर तसं सांगा. मी म्हटलं साहेब, काम करतो की, तुम्ही समोर उभे राहा, आणि येताना मुलाला पण आणा, मला त्या निळ्या रंगाचं पण बोलायचंय. त्यांनी फोन ठेवला.

आज सहावा दिवस. गाडी माझ्याकडेच उभी आहे, ह्या वेळेला खरोखरच.

आपला,
एक गॅरेजवाला, इंदूर
(नाव छापू नये ही विनंती)